दांडी वर, खण खाली

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं याबद्दल प्रत्येकाचं काही ना काही मत असतं. मी सुतारकाम केलं आणि तोंडघशी पडलो, हे आधीच सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी परसात खुराडं बांधलं. चार बाय सहा फूट, खाली चिरे, वर जुन्या पडवीचे वासे आणि कौलं. नऊ गावरान कोंबड्या नि एक कोंबडा. अंडी घालायला तीन छान खण केले आणि ते माझ्या छातीच्या उंचीवर ठोकले. का? तर अंडी काढताना मला वाकायला लागू नये! कंबर सत्तरी ओलांडलेली. कोंबड्यांना बसायची दांडी मग उरलेल्या जागेत, जमिनीपासून फूटभर.

सौ. बघून म्हणाली, "अहो, झोपणार कुठे त्या?"

"दांडी आहे ना!" मी म्हटलं. जन्मभर हातात खडू धरलेल्या माणसाला कोण काय सांगणार?

पहिल्याच संध्याकाळी सगळ्या कोंबड्या फडफडत वरच्या खणांत जाऊन बसल्या. दांडीकडे एकीने बघितलं नाही. सकाळी पेंढा रात्रभराच्या शीटेने भरलेला, त्यातच अंडी माखलेली. दोघी-तिघींनी तर खण सोडून कोपऱ्यात जमिनीवर घातली.

मंडळी, यात कोंबडीची चूक काहीच नाही. तिचे पूर्वज रानकोंबडे, रात्री झाडावर झोपणारे. अंधार पडू लागला की ती खुराड्यातली सगळ्यात उंच जागा शोधते. अंडी घालताना मात्र तिला नेमकं उलट हवं असतं... अंधारी, आडोशाची, अंग मावेल एवढीच जागा. आमच्या आईने कधी खण केले नाहीत. चुलीमागे लाकडांच्या आडोशाला एक फुटकी टोपली, तीत पेंढा, आणि एक अंडं कायम ठेवलेलं. ते बघून बाकीच्याही तिथेच घालायच्या. हे मी लहानपणी रोज बघत होतो. बघून उपयोग काय झाला, ते वर आलंच आहे.

"कोंबडीला काय, कुठेही बसते" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. युरोपीय संघाने १९९९ साली नियम केला आणि २०१२ पासून तिथे अंड्यांच्या कोंबड्यांचे साधे पिंजरे बंद झाले. पिंजरा ठेवायचाच तर दर कोंबडीमागे १५ सेंटिमीटर दांडी हवी आणि अंड्यांसाठी वेगळी जागाही. मला १५ सुद्धा कमीच वाटतात. आपल्या घरच्या खुराड्यात ८ इंच द्यायला काय हरकत आहे?

हे सगळं माझ्यापुरतं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण शेजारच्या वहिनींनी माझं खुराडं बघून हुबेहूब तसंच करून घेतलं. गुरुजींनी केलंय म्हणजे बरोबरच असणार! माझी नऊ कोंबड्यांची हौस, त्यांचं मात्र अंड्यांवर घर चालतं. माखलेली अंडी त्या धुऊन विकायच्या. धुतलं की कवचावरचा नैसर्गिक लेप जातो नि अंडं लवकर खराब होतं. दोनदा तशी निघाली आणि खाणावळवाल्याने अंडी घेणंच बंद केलं. मला हे कळलं सौ.कडून, चार महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन गेलो. खण काढून खाली वीतभर उंचीवर बसवले, फूटभर लांब-रुंद, पुढे चार बोटं उंच पट्टी म्हणजे पेंढा सांडत नाही. माथ्यावर उतरती फळी, म्हणजे वर कोणी मुक्काम करत नाही. चार-पाच कोंबड्यांना एक खण पुरतो. दोन दांड्या तीन फुटांवर, एकाच उंचीला, नाहीतर वरच्या दांडीसाठी भांडणं. भिंतीपासून फूटभर लांब. लाकडी, दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेल्या. प्लास्टिकचा पाइप नको, पाय घसरतात. आणि दांड्या खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत, नुसत्या खाचेत ठेवायच्या. कोंबड्यांच्या गोचड्या दिवसा फटींत लपतात नि रात्री रक्त पितात, त्यामुळे दांडी काढून उन्हात टाकता आली पाहिजे. (गिरिराजसारखी जड कोंबडी असेल तर दांडी दीड-दोन फुटांवर बरी. उंचावरून उडी मारून तळव्याला इजा होते. पण तेव्हाही खण दांडीच्या खालीच!)

काम संपल्यावर वहिनींनी चहा दिला. म्हणाल्या, "गुरुजी, मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं हो. पण तुम्हाला कसं सांगायचं?"

चहा गोड होता, पण घशाखाली उतरेना. वर्गात किती जणांना असंच पहिल्या दिवशी वाटलं असेल, कोण जाणे.

असो. वहिनींची अंडी आता स्वच्छ निघतात. खाणावळवाला अजून परत आलेला नाही. तोवर आठवड्याला दोन डझन आम्हीच घेतो. सौ. रोज विचारते, आपल्या नऊ कोंबड्यांच्या अंड्यांचं काय करायचं?