पैसे आगाऊ, कादंबरी नंतर : मधल्या काळाचा हिशोब कोण देणार?

माझा एक जुना विद्यार्थी उंबरगावच्या कारखान्यात काम करतो. शिफ्ट संपवून तलासरीला परतला की रात्री कादंबरी लिहायला बसतो. विषय त्याच्या घरातलाच आहे : घोलवडच्या बाजूला चिकूच्या वखारीत हिशोब लिहिणारे त्याचे नाना आणि त्यांच्याबरोबर काम केलेली वारली माणसं. छापायला पैसे नव्हते. मग त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्यांना निरोप पाठवला : "आत्ता तीनशे रुपये द्या, पुस्तक आलं की पहिली प्रत तुमची." 62 जणांनी पैसे पाठवले, म्हणजे 18,600 रुपये जमले. त्यात माझेही तीनशे होते.

त्यानंतर आठ महिने तो गप्प होता. ना पुस्तक, ना निरोप. एक दिवस किराणा दुकानात चाचांनी मला गाठलं. "मॅडम, तुमच्या त्या रायटरचं काय झालं? पैसे बुडाले समजायचं का?" तो मुलगा पैसे खाणारा नाही, हे मला ठाऊक होतं. पण चाचांना द्यायला माझ्याकडे उत्तरही नव्हतं.

हा प्रश्न आपल्या गल्लीपुरता नाही. मार्च 2025 मध्ये लंडनमध्ये हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. अनबाउंड ही प्रकाशन संस्था आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकाच्या ताब्यात गेली. 2011 पासून तिचं काम वेगळ्या पद्धतीने चालायचं. लेखक आपल्या नियोजित पुस्तकाची कल्पना मांडायचा, वाचक आधी पैसे भरायचे, ठरलेली रक्कम जमली की पुस्तक निघायचं, आणि पैसे भरणाऱ्यांची नावं पुस्तकातच छापली जायची. या वाटेने आलेली पॉल किंग्सनॉर्थ यांची 'द वेक' ही कादंबरी 2014 साली बुकर पुरस्काराच्या लांब यादीत पोहोचली. निकेश शुक्ला यांनी संपादित केलेलं 'द गुड इमिग्रंट' हे 2016 चं पुस्तकही इथलंच. ब्रिटनमधल्या स्थलांतरितांच्या आणि अल्पसंख्याकांच्या मुलांनी त्यात स्वतःचे अनुभव लिहिले, रिझ अहमद हा अभिनेता त्यांच्यातलाच एक. म्हणजे नेहमीच्या प्रकाशन व्यवहारात ज्यांचा आवाज कमी ऐकू येतो, त्यांना या वाटेने वाचक मिळाले होते.

अशी नावाजलेली संस्था कोसळली. बाउंडलेस नावाच्या नव्या कंपनीने तिचा कारभार घेतला, पण काही महिन्यांत तीही बंद पडली. अनेक लेखकांचे पैसे थकले, आणि ज्या वाचकांनी आगाऊ रक्कम भरली होती त्यांची पुस्तकं अडकली. यातला बराचसा दोष लेखकांचा नव्हता. पैसे मधल्या संस्थेकडे होते, आणि वाचकांसमोर नाव व चेहरा मात्र लेखकाचा होता.

ही रीत आपल्याला नवी नाही

'क्राउडफंडिंग' हा शब्द नवा आहे. केटो, मिलाप ही नावं आपल्याकडे बहुतेकांना दवाखान्याच्या खर्चामुळे माहीत झाली. पण वर्गणी काढून पुस्तक किंवा कलाकृती उभी करणं महाराष्ट्राला आणि शेजारच्या गुजरातला जुनंच आहे. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी वाचकांना त्यातूनच हप्त्या-हप्त्याने मिळाली. पूर्ण कादंबरी हातात नसताना लोक दर आठवड्याला तिची वाट पाहत होते. 1976 च्या 'मंथन' चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचं उदाहरण तर शिक्षक म्हणून मी मुलांना नेहमी सांगते. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांच्यामागे कुठलं संस्थान किंवा सरकार उभं नव्हतं. त्यांनी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, ग्राहक जमवले. अनेक वर्षं खपून ज्ञानकोशाचे 23 खंड काढले. त्या कामाचा हिशोब म्हणून त्यांनी एक वेगळं पुस्तकच लिहिलं : 'माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोशमंडळाचा इतिहास'. लोकांच्या पैशावर काम केलं, तेव्हा ते कसं झालं हे लोकांना सांगायला हवं, ही जाणीव त्यामागे आहे.

उर्दू वाचणाऱ्या घरांत इब्ने सफी यांचं नाव निघाल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. 1952 पासून 'जासूसी दुनिया' महिन्यामागून महिना येत राहिली. प्रत्येक कादंबरीच्या सुरुवातीला 'पेशरस' नावाचं छोटं मनोगत असायचं. त्यात ते वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत, तक्रारींवर बोलत, कधी थट्टाही करत. 1960 ते 1963 या काळात ते आजारी पडले आणि नवं लिखाण थांबलं. तीन वर्षांनी 'डेढ़ मतवाले' आली तेव्हा वाचक तुटून पडले. या मधल्या काळात त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन नकली कादंबऱ्या बाजारात आल्या होत्या, तरी वाचकांनी खऱ्या लेखकाची वाट पाहिली. हे नातं जितकं कथानकातून तयार झालं होतं, तितकंच त्या 'पेशरस'मधूनही झालं होतं.

तीन अनुभव, तीन धडे

पहिला अनुभव स्टीफन किंग यांचा. 2000 साली त्यांनी 'द प्लांट' ही कादंबरी इंटरनेटवर हप्त्यांनी द्यायला सुरुवात केली. शंभरातले निदान पंचाहत्तर वाचक प्रामाणिकपणे पैसे भरतील तोवर पुढचे हप्ते येत राहतील, अशी अट होती. सहा हप्त्यांनंतर लिखाण थांबलं आणि ती कादंबरी आजही अपुरी आहे. इतका मोठा लेखकसुद्धा मध्येच थांबू शकतो. म्हणून आगाऊ पैसे देताना अपुरेपणाची शक्यता आधीच धरून चालावी.

दुसरा अनुभव ब्रँडन सँडरसन यांचा. मार्च 2022 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर चार कादंबऱ्यांसाठी आवाहन केलं. 1 लाख 85 हजारांहून जास्त लोकांनी मिळून 4 कोटी 17 लाख डॉलर दिले. सगळीकडे चर्चा झाली ती या आकड्याची. मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट : त्या चारही कादंबऱ्या त्यांनी कोरोनाच्या काळात आधीच लिहून ठेवल्या होत्या. पैसे मागितले ते छपाईसाठी आणि पाठवणीसाठी. 2023 मध्ये ठरल्याप्रमाणे एकेक पुस्तक लोकांच्या घरी पोहोचलं. अर्थात त्यांच्याकडे स्वतःची टीम आहे, आणि आपल्या मुलाकडे एक मोबाइल आणि रात्रीचे दोन तास. तरी धडा दोघांना सारखाच लागू होतो. मसुदा पूर्ण झाल्यावर पैसे मागितले तर जोखीम निम्म्याने कमी होते.

तिसरा अनुभव अनबाउंडचा, तो वर आलाच आहे. लेखक चांगला असला, पुस्तक चांगलं असलं, तरी पैसे कोणाच्या खात्यात पडून आहेत हा प्रश्न वेगळा राहतो आणि तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

चांगलं पत्र कसं असतं

आगाऊ पैसे घेणाऱ्या लेखकाने वाचकांना मधूनमधून लिहायचं असतं. इथेच आपली मुलं चुकतात. काम पुढे सरकलं की उत्साहाने फोटो टाकतात. अडकलं की लाज वाटते, म्हणून गप्प बसतात. वाचकाला मात्र गप्प बसणं आणि पैसे बुडवणं यांतला फरक दिसत नाही.

"काम जोरात सुरू आहे, तुमच्या दुआ असू द्या" हे गोड वाक्य आहे. पण त्यातून कळत काहीच नाही. कळण्यासारखं पत्र असं असतं : बारा प्रकरणांपैकी सात लिहून झाली. आठवं दोनदा लिहून फाडलं, कारण वखारीतल्या कामगारांची बोली मला नीट जमत नव्हती. घरी आजारपण होतं, दोन महिने गेले. जमलेल्या रकमेतून टाइपिंगला इतके खर्च झाले, बाकी शिल्लक आहेत. दिलेली तारीख मी पाळू शकत नाही, नवी तारीख ही. कोणाला पैसे परत हवे असतील तर अमुक दिवसापर्यंत सांगा.

यात एकही मोठा शब्द नाही, तरी वाचणाऱ्याचं मन शांत होतं. वाईट बातमी वेळेवर दिली की विश्वास वाढतो, हे आपण उधारीच्या व्यवहारात रोज पाहतो. हप्ता चुकणार असेल तर आधीच येऊन सांगणाऱ्याला दुकानदार पुन्हा उधार देतो, तोंड चुकवणाऱ्याला देत नाही.

आपल्याकडे आगाऊ किंमत देऊन माल नंतर घेण्याच्या व्यवहाराला 'सलम' म्हणतात. त्यात माल कोणता, किती, कसा आणि कधी मिळणार, हे आधी ठरवायचं असतं. कादंबरीला हा नियम कसा लागू होतो ते उलेमा सांगतील, मी शिक्षिका आहे. पण त्यातला विचार साधा आहे : मोघम वचनावर पैसे घेऊ नयेत. लिहून ठेवावं, मुदत सांगावी.

पैसे देणाऱ्यांनीही एक गोष्ट पाळावी

आता दुसरी बाजू. तिची मला जास्त काळजी वाटते. तीनशे रुपये दिले म्हणून कादंबरी आपली होत नाही. लंडनच्या लेखकाचे वाचक दूर असतात. आपल्या लेखकाचे वाचक त्याचे मामू, शेजारी, मशिदीतले ओळखीचे आणि दुकानदार असतात. पैसे दिल्यावर त्यातले काही विचारू लागतात, "ते लग्नाचं प्रकरण कशाला? आपल्या लोकांची बदनामी होईल." लिहिणारी मुलगी असेल तर हा दाब दुप्पट होतो.

असं झालं तर वर्गणी ही मदत न राहता लगाम होते. मग लेखक तेवढंच लिहील जेवढं 62 जणांना चालेल, आणि तसलं लिखाण त्या 62 जणांनाही वाचावंसं वाटणार नाही. हिशोब मागायचा आपल्याला हक्क आहे : पैसे कुठे गेले, काम कुठवर आलं. कथेत कोण काय करतं हे ठरवायचा हक्क नाही.

हे मी आत्ताच सांगते याला कारण आहे. आपल्या भागावरचं सर्वांत नाव झालेलं पुस्तक म्हणजे गोदावरी परुळेकर यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. 1945 नंतरच्या तलासरी-डहाणूच्या वारली लढ्याचा तो अनुभव आहे, आणि 1972 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते लिहिलं बाहेरून इथे येऊन, इथल्या लोकांबरोबर राहिलेल्या बाईंनी. 1990 मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हापासून आपण म्हणतोय की आपलं जगणं आपण मराठीत लिहिलं पाहिजे. मग एखादं पोर शिफ्ट करून खरोखर लिहायला बसतं, तेव्हा त्याला तीनशे रुपयांसोबत थोडी मोकळीकही द्यावी लागेल.

घरच्यांसाठी चार साध्या गोष्टी

घरातलं कोणी असं पुस्तक काढत असेल तर शक्यतो पहिला मसुदा पूर्ण झाल्यावरच पैसे मागा. पुस्तकाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, रोजच्या यूपीआयच्या खात्यात मिसळू देऊ नका. मिसळलेला पैसा खर्च होऊन जातो, नियत साफ असली तरी. महिन्यातून एक ठरलेली तारीख धरा आणि त्या दिवशी चार ओळी का होईना, लिहून पाठवा. आणि आयएसबीएन क्रमांक मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आपल्या देशात तो सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो.

पैसे देणाऱ्याने बुडाले तरी घरखर्च अडणार नाही एवढीच रक्कम द्यावी. हे कर्ज नाही आणि सदकाही नाही. एका माणसाच्या कामावर टाकलेला हा भरवसा आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मी एका रविवारी घरी बोलावलं. चहा झाला. मग मी म्हटलं, "आता बस आणि त्या 62 जणांना लिही." तो म्हणाला, "मॅडम, सांगण्यासारखं काही झालंच नाही." मी म्हटलं, "मग तेच लिही." दीड तास लागला. पत्र संध्याकाळी गेलं. पाच जणांनी पैसे परत मागितले, त्याने त्याच आठवड्यात दिले. सत्तावन्न जण थांबले आहेत. त्यात किराणा दुकानवाले चाचाही आहेत. ते आता मला विचारत नाहीत, थेट त्यालाच विचारतात, "आठवं प्रकरण झालं का रे?"