फर्माईश, मुदत आणि स्फूर्ती

लोकप्रिय गीताच्या जन्माची हकीकत सांगताना आपल्याकडे एक ठराविक वळण पडून गेले आहे: कवी एकांतात असतो, काहीतरी दिसते वा आठवते, आणि शब्द आपसूक ओठांवर येतात. १९६२च्या युद्धातील हुतात्म्यांवरचे आपले गीत कवी प्रदीप यांनी माहीमच्या किनाऱ्यावर सिगारेटच्या पाकिटातील चांदीच्या कागदावर उतरून घेतले, ही कथा जितक्या आवडीने सांगितली जाते, तितक्या आवडीने हे कोणी सांगत नाही, की ते जानेवारी १९६३मध्ये दिल्लीत व्हावयाच्या समारंभासाठी मागवलेले गीत होते.

फर्माईश आणि मुदत यांना काव्याच्या दरबारात आपण दाराबाहेर तिष्ठत ठेवतो, हे मला अन्यायाचे वाटते. 'गीतरामायणा'च्या पहिल्याच गीताचा कागद ऐनवेळी गहाळ झाला आणि माडगूळकरांना एका खोलीत बसवून ते पुन्हा लिहवून घेण्यात आले, ही आख्यायिका घरोघरी ठाऊक आहे, आणि तीतून आपण अर्थ काढतो तो कवीच्या अलौकिक प्रतिभेचा. वस्तुतः १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून पुढच्या रामनवमीपर्यंत, दर आठवड्यास एक गीत लिहावयाचे, सुधीर फडक्यांनी त्यास चाल लावावयाची, माणिक वर्मा किंवा वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या गायकांकडून ते बसवून घ्यावयाचे आणि शुक्रवारी सकाळी पुणे आकाशवाणीवरून ते श्रोत्यांपर्यंत जावयाचे, असा तो करार होता. आणि चित्रपटाच्या कचेऱ्यांत प्रसंग सांगितला की गीत हजर करण्याची उमेदवारी ज्यांनी वर्षानुवर्षे केली होती, अशा दोघांनीच तो पार पाडावा, हे स्वाभाविकच होते.

या आठवडी रतिबाचा ठसा रचनेवरही उमटलेला मला दिसतो. मागील शुक्रवारी ज्याचा रेडिओ बंद होता, त्यासही आजचे गीत समजले पाहिजे. म्हणून जवळजवळ प्रत्येक गीत कोणा एका पात्राच्या मुखी, आपल्या प्रसंगासह स्वयंपूर्ण उभे राहते. आरंभही पाहावा: पुत्रकामेष्टीपासून सरळ कथा न सांगता कवी प्रथम आपल्याला रामाच्याच सभेत नेऊन बसवतो, जेथे लव-कुश पित्यासमोर पित्याचेच चरित्र गात आहेत. वाल्मीकींची ही योजना रेडिओस किती चपखल बसली! गाणारे आणि ऐकणारे, दोघेही पहिल्याच दिवशी मुक्रर झाले.

(मूळ हिशेब बावन्न गीतांचा होता, त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे ती छप्पन्न झाली. चार गीतांचे श्रेय पंचांगाकडे जाते, आणि ते देण्यास कोणाची हरकत नसावी.)

रामायण असे दर आठवड्यास गीतांतून ऐकवण्याची कल्पना मांडून माडगूळकरांना कामास लावणारे सीताकांत लाड हे आकाशवाणीचे अधिकारी होते. आजही गावोगावी 'गीतरामायणा'चे प्रयोग होतात. निवेदकांनी हरवलेल्या कागदाची गोष्ट अवश्य सांगावी, परंतु लाडांचे नाव उरकून न टाकता त्यांच्या त्या साप्ताहिक तगाद्यासही तितकाच वेळ द्यावा.