स्वच्छतेला हवी प्रशिक्षणाची जोड

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. पाहणीस आलेले हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन तेथील स्वच्छतागृह साफ करवून घेतले. गुन्हा दाखल झाला, मानापमानाची चर्चा रंगली. सफाई कामगारांना साधने आणि शिक्षण कोणी द्यायचे, हा प्रश्न मात्र मागे पडला.

नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या जळकोट तालुक्यातील रुग्णांनाही मोठ्या उपचारांसाठी लातूर वा नांदेडची वाट धरावी लागते. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे.

रुग्णालयाची सफाई हे कौशल्याचे काम आहे. फिनाइलचा वास म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. सांडलेल्या रक्तावर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट टाकून ठरावीक वेळ थांबावे लागते. शौचालयातील पोछा प्रसूतिकक्षात फिरला, तर सफाईच संसर्ग पसरवते. ब्लीचिंग पावडरीत ॲसिड मिसळले, तर निघणारा क्लोरीन वायू कामगाराच्या जिवावर बेततो.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना रुजू होताना आणि त्यानंतर दरवर्षी प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लसही द्यावी लागते. सफाईच्या कंत्राटात केवळ कमी दर पाहिला गेला, तर पहिली कात्री हातमोजे, रसायने आणि प्रशिक्षणालाच लागणार. म्हणून या तिन्हींची तरतूद कंत्राटातच असावी आणि देयक मंजूर करण्यापूर्वी तिची तपासणी व्हावी.