पैसा नसलेल्या देशातील हिशेब

आदर्शनगरीच्या कादंबऱ्यांवर परीक्षेत प्रश्न विचारला की उत्तर बहुधा ठरलेले असते. लेखकाचे स्वप्न उदात्त आहे, परंतु मानवी स्वभाव मूलतः लोभी असल्यामुळे पैशावाचून चालणारा समाज असंभव होय. गेली तीसएक वर्षे मी हे वाक्य तपासत आलो आणि, कबूल केले पाहिजे, पुष्कळदा त्याला गुणही देत आलो. ते विद्यार्थ्यांनी रचलेले नाही. आपल्याच समीक्षेतून ते त्यांच्या वहीत उतरले आहे. 'मानवी स्वभाव' असे म्हटले की संहिता वाचण्याचे श्रम वाचतात, हे त्याच्या दीर्घायुष्याचे खरे कारण.

कारण ज्या ग्रंथांवर हा आक्षेप घेतला जातो, त्यांनी तो आपल्याआधीच ऐकलेला आहे. विल्यम मॉरिसच्या 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' (१८९०) मध्ये टेम्स नदीवरचा नावाडी पाहुण्याने पुढे केलेली नाणी घेत नाही. ती त्याला वस्तुसंग्रहालयात ठेवण्याजोगी वाटतात. पुढे पाहुणा मानवी स्वभावाचा मुद्दा काढतो, तेव्हा वृद्ध हॅमंड उसळून विचारतो की हा स्वभाव नेमका कोणत्या स्थितीतल्या माणसाचा, दास्यातल्या की मोकळ्या? या प्रश्नाचे उत्तर न देता मॉरिसला भाबडा ठरवणारे समीक्षक मला तरी भाबडे वाटत नाहीत, आळशी वाटतात.

परंतु म्हणून हे ग्रंथ निर्दोष ठरत नाहीत. त्यांचा दोष मात्र वेगळ्या ठिकाणी आहे, आणि 'लोभ' या शब्दाच्या आडोशामुळे तो आपल्याला दिसत नाही. नाणे नाहीसे झाले तरी कोणी किती केले आणि कोणाला काय द्यायचे हा हिशेब नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी हाती जातो. कोणाच्या, हा खरा प्रश्न.

टॉमस मोरच्या 'युटोपिया'मधील (१५१६) सोन्याच्या शौचपात्रांचा उल्लेख प्रत्येक जण आवडीने करतो. सोन्याच्या बेड्यांचा करतो, तोही गंमत म्हणून. पण त्या बेड्या घातलेले पाय गुलामांचे आहेत, याकडे लक्ष क्वचित जाते. त्या देशात परवान्याविना प्रवास करणे हा गुन्हा आहे आणि तो दुसऱ्यांदा केल्यास शिक्षा गुलामीची. शिवाय तुच्छ मानलेले सोने राज्य साठवून ठेवते, ते परक्यांना भाड्याने लढायला लावण्यासाठी. पैसा नागरिकाच्या खिशातून गेला. राज्याच्या खिशातून गेला नाही.

एडवर्ड बेलामीच्या 'लुकिंग बॅकवर्ड'मध्ये (१८८८) ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. १८८७ साली बोस्टनमध्ये झोपी गेलेला नायक २००० साली जागा होतो. प्रत्येकाला राष्ट्राच्या उत्पन्नातील समान वाटा मिळतो, आणि तो नोंदलेल्या पत्राला लेखकाने जे नाव दिले आहे ते 'क्रेडिट कार्ड'! (पुढे हे नाव कोणत्या कामी आले हे पाहता लेखकाने कपाळाला हात लावला असता.) एकविसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक जण उद्योगसेनेत. उधळ्या माणसाचा वाटा त्याला महिन्याच्या वा आठवड्याच्या बेताने दिला जातो. प्रसंगी त्याच्या हाती दिलाच जात नाही. आणि अंगात बळ असून काम करण्याचे सतत नाकारणाऱ्याला एकांतकोठडी आणि भाकर-पाणी, तो कबूल होईपर्यंत. सगळे पुस्तक ज्या मृदू, आतिथ्यशील स्वरात लिहिले आहे, त्याच स्वरात हेही सांगितले जाते. माझ्या मते त्या कादंबरीचे मर्म या एका वाक्यात आहे. लोभाचा तेथे काही संबंध नाही.

मराठी वाचकाला हे कळायला बोस्टनपर्यंत जाण्याचे वास्तविक कारण नव्हते. बव्हंशी नाण्यावाचून चालणारा समाज आपण प्रत्यक्ष पाहिलेला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' (१९१५) या ग्रंथात त्याची तपशीलवार नोंद सापडते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट वर्षभर गावकी करीत आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा नेत. त्याचे स्वयंपूर्ण, स्नेहमय चित्र काढणारे लेखक आपल्याकडे कमी झाले नाहीत. पण हिशेब तेथेही होता; तो जातीच्या रूपाने माणसाच्या जन्मावर लिहिलेला होता. महाराने काम नाकारले की बलुते बंद, आणि नाकारून जायचे कोठे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, त्यात बलुत्याचे रूपांतर रोख आकारात करण्याची मागणी होती. ज्याला रोख मजुरी कधी मिळालीच नव्हती, त्याच्या दृष्टीने रुपया हा लोभाचा विषय नव्हता. ज्याच्यापुढे वाकायचे त्याची परवानगी न घेता गाव सोडण्याची ती सोय होती. दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' (१९७८) हे नाव दिले, ते गावगाड्याच्या आठवणीने गहिवरून नव्हे.

यावर कोणी म्हणेल की हे पैशाचे समर्थन झाले. झाले नाही. रोखीने आलेल्या सावकाराने याच शेतकऱ्याची जमीन नेली, हे दख्खनला ठाऊक आहे. पण १८७५ साली सुप्यापासून पसरलेल्या उठावात शेतकऱ्यांनी प्रामुख्याने काय मागितले? कर्जरोखे, आणि ते जाळले. परंपरा सांगते की तुकोबांनीही इंद्रायणीत बुडवली ती कर्जखतेच. तीही केवळ स्वतःच्या वाट्याची, भावाचा हिस्सा त्याच्या हाती देऊन. मोर आणि बेलामी यांना जे सुचले नाही ते येथे अडाणी ठरवलेल्या माणसांना सुचले होते. त्यांचे वैर नाण्याशी नव्हते, दुसऱ्याच्या पेटीत कुलूपबंद असलेल्या आपल्या हिशेबाशी होते.

या परंपरेत प्रामाणिक कादंबरी मला एकच वाटते: अर्सुला ले ग्विन यांची 'द डिस्पझेस्ड' (१९७४). अनारेस या चंद्रावर पैसा नाही, तुरुंग नाही, कायदा नाही. काम टाळणाऱ्यालाही जेवण मिळते. मात्र शेजाऱ्यांच्या नजरा अशा होतात की तो मुक्काम हलवतो. एक उपहासात्मक नाटक लिहिणारा टिरिन शिक्षेवाचूनच मोडून पडतो. तेथे हिशेब लोकमताच्या हाती आहे, आणि लेखिका हे लपवीत नाही. लोभ संपल्यानंतरही मत्सर, भय आणि साबुलसारख्यांची ज्ञानावरची मालकी शिल्लक राहते, हे तिने दाखवले. तरीही अनारेसची बाजू सोडली नाही. परीक्षेतल्या त्या ठरीव वाक्याने या कादंबरीचा एकही प्रसंग उलगडत नाही.

यापुढे मी प्रश्न बदलून विचारणार आहे: या देशात 'नाही' म्हणणाऱ्याचे काय होते? कादंबरी सुरू होते ती एका ठेंगण्या भिंतीपाशी. तिच्या आत यानतळ आहे. शेवेक हा भौतिकशास्त्रज्ञ दुसऱ्या जगाकडे जायला निघाला आहे, आणि ज्यांनी कोणालाही कधी कशाची मनाई केली नाही असे त्याचे बांधव त्याला दगड मारीत आहेत.