सत्काराची शाल आणि कारागिराची मजुरी

आपल्या महाराष्ट्रांत शाल व श्रीफळ यांवांचून सत्कार होत नाहीं. सत्कारमूर्तीच्या खांद्यावर शाल पडली कीं आपण टाळ्या वाजवितों आणि कर्तव्य झालें असें मानितों. ती शाल कोणी विणली, तिजवरील वेलबुट्टी सुईनें काढली कीं यंत्रानें, हें विचारण्याची फुरसत कोणासच नसते. श्रीफळ मात्र आपण वाजवून घेतों! काश्मिरी म्हणून जी शाल आपण पांघरवितों, तिच्याविषयीं चार शब्द लिहिणें म्हणूनच आम्हांस अगत्याचें वाटतें.

खरी काश्मिरी पश्मिना म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. लडाखांतील चांगथांगच्या उंच पठारावर चांगपा लोक बकऱ्या पाळतात. तेथील कडक थंडीमुळें बकऱ्यांच्या राठ केसांखालीं जी मऊ लोंकर येते, ती थंडी सरल्यावर विंचरून काढितात. ती श्रीनगरास येते. तेथें बायका घरोघर चरख्यावर तिचें सूत कातितात, विणकर हातमागावर कापड विणितो, लांकडी ठशांनीं त्यावर नक्षीचा आराखडा उठवितात, आणि मग सोझनीचा कारागीर काम हातीं घेतो. फारशींत ‘सोझन’ म्हणजे सुई. हल्लीं स्टोल या नांवानें जो अरुंद पट्टा विकतात, त्यावरहि दाट काम असल्यास कित्येक महिने जातात; भरगच्च शालीस वर्षेंहि लागतात. ‘दोरुखा’ कामांत तर उलट बाजू कोणती व सुलट कोणती, हें ओळखतां येत नाहीं.

या कलेचा इतिहास हा राज्यकर्त्यांच्या लोभाचाहि इतिहास आहे. मागावर नक्षी विणलेल्या शालींवर ‘दाग’ म्हणजे सरकारी शिक्का मारून जबर कर घेत. १८२२-२३ सालीं काश्मिरांत राहिलेल्या मूरक्रॉफ्ट या इंग्रज प्रवाशानें तो शेंकडा २६ असल्याचें लिहून ठेविलें आहे. साध्या कापडावर सुईनें नक्षी काढलेली शाल आरंभीं या करांतून सुटत असे, आणि तिला खर्चहि कमी येई. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सुईकाम फोफावलें. विणकरांच्या पाठीवरचें ओझें मात्र उतरलें नाहीं. २९ एप्रिल १८६५ रोजीं श्रीनगरांत त्यांनीं जुलमाविरुद्ध मोर्चा काढिला. फौजेनें तो उधळला, आणि त्यांत २८ जण प्राणांस मुकले असें सांगतात. पुढें पेझली वगैरे गांवच्या नकला, १८७० चें फ्रान्स-प्रशिया युद्ध व १८७७ पासूनचा दुष्काळ यांनीं धंदा खालावला. सुई मात्र टिकली.

आज तो कर नाहीं. परंतु खोट्या मालाचा कर आहे, आणि तो त्याच गरिबाकडून वसूल होतो. यंत्रावर कातलेली, नायलॉन मिसळलेली किंवा नुसत्या कृत्रिम धाग्याची शाल ‘काश्मीर पश्मिना’ म्हणून विकली गेली, म्हणजे घरीं सूत कातणाऱ्या बाईची मजुरी तितकीच खालीं येते. कायदा नाहीं असें नव्हे. १९९९ च्या भौगोलिक उपदर्शनाच्या कायद्याखालीं या नांवाची नोंद झालेली आहे. लोंकरीचा तंतु १६ मायक्रॉनहून जाड नसावा, सूत व वीण दोन्हीं हातचीं असावींत, असे तिचे नियम आहेत. श्रीनगरांत माल तपासून त्यावर खुणेची चिठ्ठी लावण्याची सोयहि आहे. नोंदलेलें नांव खोटेपणानें लावून माल विकणारास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु गिऱ्हाईकच डोळे मिटून घेईल, तर कायद्यानें काय करावें?

कोणी म्हणेल, ‘खरी शाल आम्हांस परवडत नाहीं.’ कबूल! यंत्राची शाल विकणें वा घेणें हें पाप आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ती परक्या नांवानें विकणें हें पाप आहे. ऐपत नसेल त्यानें सोलापूरची चादर द्यावी, धनगराची घोंगडी द्यावी. तींत मान तिळभरहि कमी होत नाहीं. आमच्या व्यापारी बंधूंस आमची विनंति एवढीच कीं, हातचा माल कोणता व यंत्राचा कोणता, हें पावतीवर स्पष्ट लिहून द्यावें. आणि सभा-संस्थांच्या चिटणीसांनीं तशी पावती मागितल्याशिवाय पैसे मोजूं नयेत. खऱ्या व्यापाऱ्याचें यांत नुकसान नसून फायदाच आहे.

‘शालजोडींतला’ म्हणजे काय, हें मराठी माणसास समजावून सांगावयास नको. खोटी शाल देऊन आपण सत्कारमूर्तीस व दूर श्रीनगरांत सुईवर डोळे ताणणाऱ्या कारागिरास, अशा दोघांसहि तोच आहेर करीत असतों. तो यापुढें तरी थांबावा.