खिशात मावतं म्हणून?

गेल्या वर्षी प्रोजेक्टच्या कृपेने तीन महिने डॅलसला होतो. तिथल्या टीममध्ये एक सीनियर होता, मूळचा सांगलीचा. पंधरा वर्षं तिकडेच, ग्रीन कार्ड वगैरे सगळं झालेलं. आपण त्याला अण्णा म्हणू. एका शनिवारी त्याने घरी जेवायला बोलावलं. वहिनींनी मस्त भरली वांगी केली होती. जेवणं झाली आणि अण्णाने पाकीट काढावं इतक्या सहज पँटच्या खिशातून एक पिस्तूल काढलं. मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामा, दोनदा तपासून माझ्या हातात.

"कसलं क्यूट आहे ना? दिवसभर खिशात असतं, विसरायला होतं रे!"

खोटं कशाला बोलू, होतं क्यूट. रुगर एलसीपी, जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम. माझ्या मोबाइलपेक्षा थोडंच जड.

मग तासभर व्याख्यान. तिकडे या खिशातल्या पिस्तुलांचा एक पंथच आहे. लाडाने त्यांना 'माउस गन' म्हणतात. पंथात पोटपंथही आहेत. .२२ वाले म्हणतात, गोळ्या स्वस्त, झटका कमी, सराव भरपूर. त्यांच्यातल्या वयस्कर मंडळींची लाडकी बेरेटा बॉबकॅट. तिची नळी मागून वर उघडते, गोळी थेट आत ठेवता येते, स्लाइड ओढायला मनगटात जोर लागत नाही. .२५ वाले म्हणतात, .२२ ची रिमफायर गोळी कधीकधी दगा देते, त्यापेक्षा जॉन ब्राउनिंगची १९०५ ची सेंटरफायर .२५ भरवशाची. .३२ वाले केलटेक पी-३२ दाखवतात, रिकामं वजन दोनशे ग्रॅमच्याही आत. कुणी सीकॅम्पवर फिदा, जिला नेम धरायला साइटच नाही. एवढ्या जवळून नेम कसला धरायचा! आणि अण्णासारखे .३८० वाले या सगळ्यांना खेळणी समजतात.

आपल्याकडे विम की इमॅक्स हा वाद जसा चालतो, अगदी तस्साच. फरक इतकाच की विममधून बाहेर पडता आलं नाही म्हणून कुणी मरत नाही.

पंथाचा मुख्य मुद्दा असा: घरी कपाटात राहिलेल्या मोठ्या पिस्तुलापेक्षा खिशातलं छोटं बरं. चूक आहे का? नाही. सोबत नसलेलं यंत्र शून्य कामाचं, हे बॅकअप न घेता डेटा गमावलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. टेक्सासमध्ये २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. हायवेवर रात्री गाडी बंद पडलेल्या माणसाची भीती पुण्यात बसून मी हसण्यावारी नेणार नाही.

पण आपण इंजिनिअर आहोत ना? एकाच रिक्वायरमेंटसाठी डिझाइन केलं की पावती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर फाटते. इथे रिक्वायरमेंट काय, तर "खिशात जाणवू नये". मोठं पिस्तूल कमरेला टोचतं, बसलं की आठवण करून देतं. हे टोचत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी हे लाडकं आहे, तो गुण आणि विसरणं या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत. एकच गोष्ट आहे. बग आणि फीचर एकाच ओळीत लिहिलेत.

"अरे पण छोटं कॅलिबर आहे, त्याचं काय एवढं," असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. १९१४ मध्ये सारायेवोत ज्या पिस्तुलाने युवराज फ्रान्झ फर्डिनांडचा बळी घेतला आणि महायुद्धाला निमित्त मिळालं, ते एफएन १९१०, कॅलिबर .३८०. १९४८ मध्ये दिल्लीत गांधीजींवर झाडलेलं बेरेटा १९३४, कॅलिबर ९ मिमी कोर्तो, म्हणजे अमेरिकेत ज्याला .३८० म्हणतात तेच. अण्णाच्या खिशातही तेच. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी गेले ते .२२ ने. 'माउस गन' म्हणे!

आता सेफ्टीचं बघू. या एलसीपीला बोटाने लावायची वेगळी सेफ्टीच नाही. सगळी भिस्त लांब ओढायच्या ट्रिगरवर. ट्रिगर झाकणारं होल्स्टर हवं आणि त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्लीसुद्धा नाही, हा नियम. २००८ मध्ये हे मॉडेल बाजारात आलं आणि त्याच वर्षी कंपनीला सुरुवातीची पिस्तुलं परत मागवावी लागली, कारण भरलेलं पिस्तूल कठीण जमिनीवर पडलं तर गोळी सुटण्याची शक्यता होती. कंपनीने दुरुस्ती करून दिली, चांगलं केलं. पण ते स्वतःहून केलं. अमेरिकेत खेळणी, पाळणे, टोस्टर यांच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणारं केंद्रीय कमिशन आहे, आणि बंदुकांना हात लावायची त्याला कायद्यानेच मनाई आहे. खेळण्यातल्या बंदुकीवर लक्ष ठेवायला सरकार आहे, खऱ्या बंदुकीवर ठेवायला ते कमिशन नाही. असो.

आता त्या शनिवारचा उरलेला भाग.

अण्णाने पिस्तूल पुन्हा भरलं, होल्स्टरमध्ये घातलं आणि भांडी आवरायला उठताना खुर्चीवरच्या जॅकेटच्या खिशात सरकवलं. मग चहा झाला, क्रिकेट झालं, ऑफिसचं गॉसिप झालं. दहाच्या सुमारास मला सोडायला निघाला आणि त्याने खिसा चाचपला. मग दुसरा. वहिनींकडे बघितलं. वहिनींनी खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी.

जॅकेट सोफ्यावर होतं. चार वर्षांचं पोरगं ते अंगावर पांघरून कार्टून बघत होतं.

काहीही झालं नाही. गोष्ट इथेच संपते. पण गाडीत अर्धा तास आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही.

सगळ्यांच्याच बाबतीत ती इथे संपत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाच्या हाताला आईच्या पर्समधलं पिस्तूल लागलं आणि आई जागीच गेली. २०२० मध्ये अमेरिकेत १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंच्या कारणांत बंदुकांनी वाहन अपघातांना मागे टाकलं. त्यातले बहुतेक मृत्यू खून आणि आत्महत्या आहेत, असे अपघात कमी, हे मान्य. पण आईबापांनी उघड्यावर ठेवलेलं पिस्तूल हाताला लागलं की पुढे अपघात होईल की आत्महत्या, हे ते पिस्तूल ठरवत नाही.

माझं भांडण पिस्तूल बाळगणाऱ्यांशी नाही, या रसिकतेशी आहे. .२५ की .३२ यावर रात्र रात्र वाद घालतील, ग्रॅमग्रॅमचा हिशोब करतील. पण गरज पडली तर पडेल ती काही सेकंद. उरलेल्या आयुष्यात ती वस्तू कुठे असते, हा प्रश्न कुणी विचारत नाही. जागा दोनच असायला हव्यात: अंगावर होल्स्टरमध्ये, नाहीतर कुलपात. जॅकेट, पर्स, लॅपटॉपची बॅग, गाडीचा कप्पा या जागाच नव्हेत. एवढी शिस्त जमत नसेल तर कॅलिबरची चर्चा सोडा, तुम्ही ती वस्तू घ्यायलाच नको होती.

मागच्या आठवड्यात अण्णाचा फोन आला. खुशीत होता. नवीन पी-३२ घेतलंय म्हणाला, आधीच्यापेक्षा हलकं, आता तर अजिबात जाणवत नाही.

मी विचारलं, "आणि कुलपाची पेटी?"

"घेऊ रे," म्हणाला.