धक्क्याची क्षमता आणि बाईचं अंगण



‘कोळशाच्या धक्क्याची क्षमता वाढली काय नि न वाढली काय, हा पर्यावरणवाल्यांचा विषय. त्यात बायकांचं वेगळं काय?’ आपल्यातल्याच काही जणींनी हे विचारलं, म्हणून या अंकात हा विषय.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर ॲबट पॉइंट हे कोळसा निर्यातीचं बंदर आहे. क्षमता वर्षाला ५ कोटी टन. ती वाढवण्यासाठी ३० लाख घनमीटर गाळ उपसून समुद्रात टाकायला २०१३-१४ मध्ये परवानगी मिळाली. पण तिथलं प्रवाळ जागतिक वारसा. इतका गदारोळ झाला की असा गाळ सागरी उद्यानात टाकायला २०१५ मध्ये बंदी घालावी लागली.

ऑस्ट्रेलियातून निघालेला पोलादाचा कोळसा आपल्याकडे गोव्यात, मुरगाव बंदरात उतरतो आणि रेल्वेने घाट चढून कर्नाटकात जातो. तिकडे भरणारे धक्के वाढले की इकडे उतरवणारेही वाढवायचे. २०१७ मध्ये वास्कोत त्यासाठीची जनसुनावणी कित्येक दिवस चालली, इतके लोक बोलायला आले. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध हजारो माणसं रात्री रुळांवर आली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाटातल्या टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

प्रवाळ मोजलं गेलं, जंगल मोजलं गेलं. चांगलंच झालं. पण अहवालात धूळ मोजतात ती हवेच्या घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. ती लादीवरून, भांड्यांवरून, दोरीवरच्या कपड्यांवरून, वाळत घातलेल्या मासळीवरून रोज कोण काढतं, खोकणाऱ्या पोराला घेऊन दवाखान्यात कोण बसतं, याला रकाना नाही. बिनमजुरीचं काम, म्हणून खर्चही शून्य!

यात अडचण आहे, ती लपवू नये. ज्या घरचा पगार बंदरातून येतो त्या बाईने सुनावणीत काय बोलावं? तिला गप्प बसवून किंवा फितूर ठरवून आपलं काम होणार नाही. धूळ तीही पुसते.

२००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. किनाऱ्यावरच्या गटांनी तो मागून घ्यावा, मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा आणि घरकामाचे तास लेखी हरकतीत मांडावेत. तशी हरकत कोणी नोंदवली असेल तर आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.